अनेलिस लोरेन्सोला न दिसलेली माणसं

अनेलिस लोरेन्सो माणसं चालीवरून ओळखायची. चेहरा तिच्यापर्यंत पोचायचा तो माणूस अगदी हाताच्या अंतरावर आल्यावर. त्याआधी समोरून येणारं कुणीही म्हणजे एक रंग, एक उंची आणि पाय टाकायची एक तऱ्हा. बेकरीवाला चेंगो उजवा पाय किंचित ओढत यायचा. चर्चमधले फादर नेहमी उशीर झाल्यासारखे यायचे, उशीर झालेला असो वा नसो. शाळेतल्या बाई चालताना किल्ल्या वाजवायच्या. इतर मुलं पाढे पाठ करतात तसं तिनं हे गाव पाठ केलं होतं.

पाठ करणं भागच होतं. मोका गावात मोठं माणूस समोर आलं की आधी आशीर्वाद मागायचा असतो. 'आशीर्वाद असू दे' असं आपण म्हणायचं, 'देव तुझं भलं करो' असं त्यांनी म्हणायचं, आणि मग बाकीचं काय ते. घरात शिरताना, घराबाहेर पडताना, फोन उचलल्यावर, अगदी भांडायला गेलं तरी भांडणाआधी. जे मूल मागत नाही त्याला कुणी काही बोलत नाही. त्याच्या आईला बोलतात.

अनेलिसच्या आईला बोल लागला तो मोन्सेर्रात मातेच्या उत्सवात. अनेलिस तेव्हा सोळाची होती. चौकात तळणाच्या गाड्यांपाशी गर्दी होती, ढोल वाजत होते, आणि त्या गर्दीतून वाट काढताना ती इराइदा रुईसच्या अगदी जवळून गेली. इराइदा म्हणजे कुणी लांबची नव्हे. चर्चमध्ये अनेलिसचा दृढीकरणाचा विधी झाला तेव्हा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिलेली तिची माद्रिना, धर्मानं मानलेली दुसरी आईच. इराइदानं त्या आठवड्यात केस कापले होते आणि पायात उंच टाचेच्या नव्या चपला होत्या. चालही तिची नव्हती, उंचीही तिची नव्हती. अनेलिसला दिसला तो एक पांढरा पोशाख, आणि त्या संध्याकाळी निम्मं गाव पांढऱ्यात होतं. ती तशीच पुढं गेली.

इराइदा हातातला गरम वडा तसाच धरून बघत राहिली म्हणे. मग शेजारणीला म्हणाली, "निल्साची लेक गोऱ्यांत जमा झाली बघ. आता आपल्याला कशाला ओळख देईल?"

हे वाक्य दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत निल्साच्या घरी पोचलं.

निल्सानं तेव्हा इराइदाला एकच गोष्ट सांगायला हवी होती, की पोरीला दिसलं नाही. ती म्हणाली, "वय तसं आहे. लाजते हल्ली सगळ्यांना." त्या नाताळात इराइदा केळीच्या पानात बांधलेले पास्तेलेस घेऊन आली नाही. त्यापुढच्याही नाताळात आली नाही.

निल्सा ते का म्हणाली हे अनेलिसला माहीत होतं, आणि ते माहीत असणं हाच त्या घराचा अर्धा संसार होता. अनेलिस जन्मली ती कापसासारखे केस आणि पारदर्शक पापण्या घेऊन. बुबुळं एका जागी ठरत नसत, वाऱ्यावरच्या दिव्यासारखी हलत. कुठं जरा आपटलं तरी हातापायावर निळे डाग उठत, नाकातून रक्त यायला निमित्त लागत नसे. डॉक्टरांनी निल्साला समजावून सांगितलं होतं, की अंगात रंगच नाही, नजर अधू आहे आणि अधूच राहील, आणि हे आई आणि बाप दोघांकडून आलं तरच येतं. अनेलिसचा बाप म्हणाला, "माझ्याकडं असं कुणी नाही." तो पुढं कामासाठी न्यू जर्सीला गेला आणि तिकडेच राहिला. जाताना बरोबर त्यानं दोषातला आपला अर्धा वाटाही नेला. मग जे उरलं ते सगळं एकट्या निल्साचं झालं.

निल्सानं त्यावर उपाय काढला. दर काही आठवड्यांनी न्हाणीघरात स्टुलावर बसवून ती लेकीचे केस मधाच्या रंगात रंगवायची. भुवयांना लहान ब्रशानं थोडा गडद हात. "पांढरे केस म्हणजे रोग," ती म्हणायची, "आणि सोनेरी केस म्हणजे घराणं." कुणी विचारलं तर सांगायची, पोरीच्या बापाचे पणजोबा कॅनरी बेटांवरून आले होते, त्यांच्यावर गेली. लोक मान डोलवायचे. शाळेत मात्र घराणं कुणी विचारत नव्हतं. तिथं तिला 'पिठात पडलेली पाल' म्हणायचे.

शाळा आणि कॉलेजचं पहिलं वर्ष तिला मावसबहिणीनं तारलं. देलिरीस तिच्या शेजारी बसायची आणि फळ्यावरचं सगळं पुटपुटत लिहायची, जणू सवयच होती. सर रागावले की म्हणायची, "सर, मला मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाही. मी जराशी मठ्ठ आहे." सगळे हसायचे. अनेलिस ऐकून लिहून घ्यायची आणि दोघींत हुशार ठरायची. याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षाआधीच्या सुट्टीत देलिरीसच्या आईवडिलांनी घराला कुलूप घातलं आणि सगळ्यांनी ऑर्लँडो गाठलं. विमानतळावर देलिरीस तिच्या कानाशी म्हणाली, "आता कुणाला तरी सांग गं, बयो."

अनेलिसनं कुणालाच सांगितलं नाही. फोन काढून फळ्याचा फोटो घ्यायचा आणि तो मोठा करून वाचायचा, अशी वाट तिनं काढली. संख्याशास्त्राच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची. तिथूनही फळा म्हणजे हिरव्या पाण्यावर पडलेली धूळ. प्राध्यापक बेलेस भराभर लिहायचे, भराभर पुसायचे. पहिल्या परीक्षेला पेपर इतक्या बारीक अक्षरात होता की नाक कागदाला टेकवून वाचता वाचता वेळ संपली. ती नापास झाली. तिला लहान मुलांची शिक्षिका व्हायचं होतं, आणि त्या विभागाचा नियम सगळ्यांना ठाऊक होता, की या विषयात सत्राअखेर नापास झालेल्याला विभाग सोडावा लागतो. अनेलिसकडं सत्राअखेरची परीक्षा तेवढी उरली होती.

त्यातच एक दिवस बेलेससरांनी तिला फोन उचलताना बघितलं.

"मिस लोरेन्सो, पेपर दिला की तुम्ही त्याच्यावर डोकं टाकून झोपता. आणि मी शिकवायला लागलो की फोन. मी तुम्हाला इतका कंटाळा आणतो का?"

मागं कुणीतरी खुसखुसलं.

"नाही सर."

"मग फोन कशाला लागतो?"

उत्तर तिच्या तोंडाशी आलं होतं. पण अख्खा वर्ग ऐकत होता, आणि आईनं आदल्याच रात्री केस रंगवले होते, रंगाचा वास अजून जात नव्हता. ती म्हणाली, "सवय आहे सर."

"सवय असेल तर फोन पिशवीत. कारण असेल तर खालच्या मजल्यावर वाजवी सोयींचं कार्यालय आहे, तिथून पत्र आणा. मधलं काही नाही."

त्या कार्यालयाच्या दारासमोरून ती रोज जायची. दाराशी थांबायची नाही इतकंच. तिथं चाकाच्या खुर्चीतून आलेली मुलं बसलेली असत, पांढरी काठी घेतलेला एक मुलगा असे. अनेलिसला वाटायचं, यांना खरंच गरज आहे. आपण आत गेलो तर त्यांच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं होईल. आणि पुढच्याच क्षणी तिला याहून लाजिरवाणं कळायचं, की तिला त्यांच्यासारखं दिसायचंच नाही, इतकंच ते आहे. त्यावर आणखी एक गोष्ट होती. त्या कार्यालयाचा कारभार बघायला यंदा नव्यानं आलेल्या बाई म्हणजे इराइदा रुईस.

घरी निल्सा खिडकीशी बसून मुंदियो विणत होती. मोकाच्या बायका विणतात ती लेस. मांडीवर गोल उशी, उशीवर टाचण्यांची रांग, आणि दोऱ्याला बांधलेली लाकडी रिळं बोटांमधून इकडून तिकडं. त्या रिळांच्या टकटकीवरून अनेलिसला आई कुठं बसली आहे ते दारातूनच कळे.

"आशीर्वाद असू दे, आई."

"देव तुझं भलं करो. भात झाकून ठेवलाय."

अनेलिस जेवली नाही. तिनं सगळं सांगितलं, सरांचं, फोनचं, कार्यालयाचं.

"ते अपंगांसाठी असतं," निल्सा म्हणाली.

"हो."

"तुला चष्मा आहे. चष्मेवाले गावभर आहेत."

"चष्म्यानं मला फळा दिसत नाही, आई."

"मग पुढं बस."

"पुढंच बसते."

रिळं चालूच होती. निल्सा म्हणाली, "तिथं कोण बसतं माहितीये ना?"

"माहितीये."

"काय सांगणार आहेस तिला?"

"आहे ते."

"म्हणजे त्या दिवशी मी तिच्याशी खोटं बोलले, हे सांगणार."

"तू एवढंच म्हणालीस की मी लाजते."

"तेच ते." निल्साच्या हातून एक रीळ सुटलं आणि दोऱ्याला लटकत राहिलं. "तुला काय वाटतं, मला सांगता आलं नसतं? दवाखान्यात सगळ्या बायका आपापली बाळं घेऊन बसलेल्या. माझ्या मांडीवर बघायच्या आणि गप्प व्हायच्या. पोरगी गोड आहे, असंसुद्धा कुणी म्हणालं नाही. सासू म्हणाली, 'तुझ्याकडचं असणार.' तेव्हाच मी ठरवलं, पुन्हा कुणाला गप्प होऊ द्यायचं नाही."

अनेलिस आईच्या हातांकडं बघत होती. नखांच्या कडांना मधाचा रंग कायमचा बसला होता. तिनं तेव्हा 'मी जात नाही' म्हटलं असतं तर आईला बरं वाटलं असतं, आणि तिलाही.

"नापास झाले तर मास्तरीण होता येणार नाही," ती म्हणाली.

निल्सानं लटकलेलं रीळ उचललं. "भात गार होतोय," ती म्हणाली. यापलीकडं तिनं अडवलं नाही.

कार्यालयाला डॉक्टरचा दाखला लागत होता. किनाऱ्यावरच्या आग्वादियात जाऊन अनेलिसनं डोळे तपासून घेतले. डॉक्टर वयस्क होता. तिच्या डोळ्यांत दिवा धरताच म्हणाला, "मोकाची का? तुमच्या बाजूचे असे डोळे घेऊन बरेच येतात माझ्याकडं." मग दिवा बाजूला ठेवून म्हणाला, "इतकी वर्षं कुठं होतीस गं, लेकी?" त्याच्या मनात काही नव्हतं. अनेलिस तरी त्याच्या दवाखान्यातून बाहेर पडताना चोरी करून निघाल्यासारखी निघाली.

कार्यालयात काय बोलायचं ते तिनं रस्ताभर घोकलं. आधी आशीर्वाद. तो पहिल्यांदा, न चुकता, तोंडभरून. मग माफी. मग कामाचं. इराइदाला ओळखण्याची काळजी नव्हती. त्या उत्सवानंतर नवऱ्याच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा इराइदानं फक्त जांभळं घालायचा नवस केला होता, आणि तेव्हापासून सगळं गाव तिला त्या एकाच रंगात बघत आलं होतं. अनेलिसला तो रंग फार उपयोगी पडला होता. लांबून जांभळं दिसलं की ती रस्ता ओलांडून पलीकडं जायची. आज पहिल्यांदा ती त्या रंगाच्या दिशेनं जाणार होती.

दार उघडलं तर समोर मोठी खिडकी, आणि खिडकीतलं दुपारचं ऊन सरळ डोळ्यांत. सगळी माणसं काळ्या सावल्या झाली. भिंतीशी काही जण बसलेले. आणि मेजाजवळ, पाठमोरी, रुंद खांद्यांची, जांभळी आकृती, मानेवर केसांचा अंबाडा.

अनेलिस सरळ तिच्याजवळ गेली, मान खाली घातली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "आशीर्वाद असू दे, माद्रिना."

जांभळी आकृती वळली. "मला म्हणालीस?" आवाज जाड, पुरुषी.

तो कॉलेजच्या संघातला गोळाफेकपटू होता. अंगात संघाचा जांभळा शर्ट, पाय प्लॅस्टरमध्ये, लांब केस वर बांधलेले. लिफ्टची किल्ली मागायला आला होता. क्षणभर तो गांगरला. मग जमलेल्यांकडं बघून त्यानं हात वर केला आणि आजीबाईच्या आवाजात म्हणाला, "देव तुझं भलं करो हो, लेकरा! जेवलीस का?"

खोलीत हशा उसळला. पांढऱ्या काठीवाला मुलगासुद्धा विचारू लागला, "काय झालं? काय झालं? मला सांगा ना!" कुणीतरी त्याला सांगितलं, आणि तो सगळ्यांहून जास्त हसला.

अनेलिसही हसली. अशा वेळी हसायचं असतं हे तिला फार पूर्वीपासून येत होतं. कान तापले होते. दार कुठल्या बाजूला होतं ते उन्हात सापडेना, नाहीतर ती तेव्हाच गेली असती.

"अनेलिस," मेजामागून आवाज आला.

इराइदा तिथंच बसली होती, अगदी दोन पावलांवर, साध्या राखाडी ब्लाउजमध्ये. नवरा बरा झाला होता, नवस फिटला होता, आणि जांभळे कपडे तिनं चर्चला देऊन टाकले होते. ही बातमी चौकात सगळ्यांना होती. रस्ता ओलांडून जाणारीला कोण सांगणार?

"आत ये," इराइदा म्हणाली. मग गोळाफेकपटूला म्हणाली, "आणि तू, आजीबाई, ही घे तुझी किल्ली. लिफ्टमध्ये आशीर्वाद वाटत बसू नकोस."

आतल्या खोलीत तिनं आधी खिडकीचा पडदा ओढला.  अनेलिसला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त श्वास ऐकू येत होता.

"तो पोरगा माझ्यासारखा दिसतो का गं?" इराइदा म्हणाली.

"जांभळं होतं."

"जांभळं होतं," इराइदानं पुन्हा म्हटलं. "आणि त्या उत्सवात मी कशात होते?"

"पांढऱ्यात. केस कापले होते तुम्ही. हे मला मागाहून कळलं."

 बाहेर अजून कुणीतरी हसत होतं.

"मी काय बोलले होते ते तुझ्या कानावर आलं असेल."

"आलं होतं."

"मग येऊन सांगायचं नाही? चार घरं सोडून राहते मी. 'माद्रिना, दिसलं नाही', एवढंच तर म्हणायचं होतं."

अनेलिसकडं याचं उत्तर होतं, पण ते आईचं होतं. ते देणं म्हणजे न्हाणीघराचं दार उघडून दाखवणं. ती म्हणाली, "लाज वाटली."

"कशाची?"

"न दिसण्याची."

हे शब्द तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारले होते. तिला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पायात चप्पल नसताना कुणी बघावं तसं वाटलं.

इराइदानं खुर्ची पुढं ओढली. "आता ऐक. या खोलीत मी तुझी माद्रिना नाही, कॉलेज आहे. इथलं बोलणं इथंच राहतं, निल्साच्यासुद्धा कानावर जायचं नाही. सांग, काय हवं तुला?"

"पुढचा बाक."

"तो तर कुणीही बसतं. आणखी?"

"तेवढंच पुरे."

"पेपर वाचता येतो?"

"येतो. वेळ लागतो."

"किती अक्षरं एका वेळी दिसतात?"

अनेलिसनं मेजावरचा एक कागद नाकाशी धरून बघितला. मग म्हणाली, "एखादा शब्द. लांबडा असला तर अर्धा."

इराइदा लिहीत होती. "मोठ्या अक्षरातला पेपर. जादा वेळ. फळ्याचे फोटो घ्यायची मुभा. खिडकीकडं पाठ असलेली जागा." प्रत्येक गोष्टीनंतर ती थांबायची, आणि प्रत्येक वेळी अनेलिसला "हो" म्हणावं लागायचं. काही नको म्हणणं सोपं होतं, ते ती जन्मभर म्हणत आली होती. त्या दुपारी एकेक हो म्हणताना तिच्या अंगावरून कुणी एकेक कपडा उतरवत असावं असं तिला वाटत होतं. शेवटच्या 'हो'ला तिनं नुसती मान हलवली.

"मान हलवलेली कागदावर येत नाही," इराइदा म्हणाली, पण हळू.

"हो."

उठताना अनेलिस दाराशी घुटमळली. निघताना आशीर्वाद मागायचा असतो, पण हे कॉलेज होतं, घर नव्हतं, आणि मघाचं हसू अजून बाहेर बसलेलं होतं. ती न मागताच गेली. अर्ध्या जिन्यात तिला कळलं, की आपण तेच पुन्हा केलं, आणि या वेळी तर समोरचं माणूस नीट ओळखून केलं.

पत्र ज्याचं त्यानंच सरांच्या हातात द्यायचं, असा नियम होता. बेलेससरांनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. "तुम्ही सवय म्हणाला होता," ते म्हणाले. त्यांचाही चेहरा पडला असावा. आवाज तरी पडला होता. "वर्गात मी तसं बोलायला नको होतं." अनेलिसला त्यांनी रागावलेलं परवडलं असतं.

परीक्षेच्या दिवशी तिचा पेपर आला तो मोठ्या नकाशासारख्या कागदांवर. बाकावर मावेना. पान उलटलं की असा आवाज व्हायचा की सगळा वर्ग मान वर करायचा. मागून कुणीतरी कुजबुजलं, "तिकडं कोण पडदे बदलतंय?" अनेलिसनं पुढची पानं दोन्ही हातांनी, श्वास धरून, झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तशी उलटली. पण अक्षरं दिसत होती. संपूर्ण प्रश्न एका नजरेत दिसत होता, सुरुवात आणि शेवट एकदम. या विषयात प्रश्न इतके साधे असतात हे तिला माहीतच नव्हतं. वेळ संपल्यावर इतर सगळे उठून गेले आणि जादा वेळेत ती एकटीच रिकाम्या वर्गात लिहीत बसली. तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांत आपण काय काय वाचलं नाही, याचाच विचार तिच्या मनात येत राहिला.

ती पास झाली. फार चांगली नाही, पण विभागात राहण्यापुरती. निल्सानं ऐकलं आणि म्हणाली, "माझी लेक हुशारच आहे." कसा पेपर, कुठल्या अक्षरात, हे तिनं विचारलं नाही. त्या शनिवारी तिनं नेहमीसारखं न्हाणीघरात स्टूल मांडलं आणि अनेलिस त्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी रविवारची प्रार्थना संपवून मायलेकी चर्चच्या पायऱ्या उतरत होत्या. ऊन रखरखीत होतं. चौकात नेहमीची माणसं, नेहमीचे घोळके. अनेलिसला सगळे रंग एकमेकांत मिसळलेले दिसत होते. निल्सानं तिचा दंड धरला होता, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की मुलीनंच आईला आधार दिला आहे.

"देव तुझं भलं करो, अनेलिस!"

आवाज चौकाच्या पार पलीकडून आला, बाजारात हाक मारावी तसा. सगळ्यांनी वळून बघितलं. न मागता आशीर्वाद देणारं मोठं माणूस मोकात कुणी बघितलं नव्हतं. आधी लहानानं मागायचं, मग मोठ्यानं द्यायचं, हे असंच चालत आलेलं.

"इराइदा, तू आता फुकट वाटायला लागलीस का?" कुणीतरी बाई ओरडली.

"जास्त झालेत माझ्याकडं! तुला हवा तर तू मागून घे!"

हशा पिकला. अनेलिस जागच्या जागी उभी राहिली. इराइदानं कुणाला काही सांगितलं नव्हतं, तिची तशी खात्री होती. पण आता या ओरडण्याचं कारण गाव शोधणार आणि संध्याकाळपर्यंत त्याला ते सापडणार. तिच्या दंडावरची आईची पकड घट्ट झाली. अनेलिसला वाटलं, आई आता ओढून घरी नेणार. कान पुन्हा तापले होते. मोठ्या पेपराचा तो आवाज आता चौकभर होत होता.

तरी पण उत्तर द्यायचं राहिलं होतं. आणि द्यायचं कुणीकडं, ते कळत नव्हतं. आवाज भिंतींवर आपटून सगळीकडून आला होता. तिनं मान उजवीकडं वळवली, तिथं एक हिरवा रंग आणि एक पिवळा होता. ती त्यांच्याकडं बघून तोंड उघडणार, तोच निल्सा तिच्या कानाशी वाकली.

"तिकडं नाही," निल्सा म्हणाली. आवाज इतका खाली की तिचा तिलाच ऐकू आला नसेल. "डावीकडं. झाडाखाली. राखाडी घातलंय तिनं."

अनेलिस डावीकडं वळली.